पन्नास टक्के सावली

१६ मार्च, रविवार

आज तिन्ही मांडव उभे राहिले. पहिल्यावर पन्नास टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी, दुसऱ्यावर पंचाहत्तर टक्के, तिसऱ्यावर नव्वद. खाली सारख्याच कुंड्या, सारखीच माती आणि सारख्याच वयाचे नेचे. पाणीही सारखंच घालायचं. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे शाळेत इतकी वर्षं घसा फोडून सांगितलं. आता ऐकायला वर्ग नाही, म्हणून स्वतःलाच सांगते.

मागच्या वर्षी गणपतीच्या मखरासाठी लोकांनी हौसेनं नेचे सांगून ठेवले होते. थर्माकोल नको, जिवंत हिरवळ हवी म्हणाले. माझे नेचे मे महिन्यातच करपले आणि मला घरोघरी जाऊन माफी मागावी लागली. ह्या वर्षी आधी सावली नक्की करायची, मग शब्द द्यायचा.

यज्ञेशचा फोन आला होता. "आई, गणपतीपर्यंत काय हवं ते कर. पण ह्या वर्षीही झाडं गेली तर हट्ट करायचा नाही. सरळ आमच्याकडे अष्टमी गावी राहायला यायचं." ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली, मुलाला काळजी वाटते, त्यात त्याची काही चूक नाही. सूनबाई तनयाही गुणी आहे. पण त्यांचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे आणि खिडकीतून समोरच्या लोकांचे वाळत घातलेले कपडे दिसतात. मला माझं परस हवं. फोनवर मी "बरं, झाडं गेली तर येईन अष्टमीला" म्हटलं, जरा मोठ्यानंच. सगळ्या आळीनं ऐकलं असेल.

२३ मार्च, रविवार

पश्चिमेच्या भिंतीपलीकडे हरेशभाऊंचा गणपतीचा कारखाना आहे. भिंत छातीएवढीच. आज ते तिथे कोपर टेकून उभे राहिले, हात कोपरापर्यंत शाडूनं पांढरे.

"बाई, तीन तीन मांडव कशापायी?"

मी समजावलं. पन्नासच्या मांडवावर दुपारचं तिरपं ऊन तुमच्या भिंतीवरून थेट येतं, म्हणजे कसोटी तिथेच आहे. तिथले बहुतेक जळतील. किती दिवसांत जळतात ते मला बघायचं आहे.

"जळतील ते ठाऊक हाय आणि तरी ठेवलंय?"

"प्रयोग आहे. कुणालातरी उन्हात बसावंच लागतं."

त्यांना ते पटलं नाही. म्हणाले, "आमच्यात ओली मूर्ती उन्हात ठेवली की गेलीच. तडा मारते. सावलीत हळूहळू सुकली तर वर्षानुवर्षं नाय हलत. कच्च्या जिवाला ऊन देऊ नये, बाई."

माती आणि झाड ह्यांत फरक असतो, हे मी त्यांना वर्गात सांगावं तसं सांगितलं. आणि बजावलं, की ह्या कुंड्यांना कुणी हात लावायचा नाही, नाहीतर प्रयोग फुकट. त्यांनी मान डोलावली. माणूस चांगला आहे. बायको गेल्यापासून फारच कमी बोलतो. लेक नमिता वडखळला दिली, ती सणावारी येते. बाकी दिवसभर मूर्तीच.

२ एप्रिल, बुधवार

ऊन चढलं. मी जेवून आडवी होते ती चारपर्यंत. शाळेत असताना दुपारच्या झोपेचं स्वप्न बघायचे, आता झोपेत स्वप्नं बघते. मागच्या खोलीची खिडकी बंद करून पडदा ओढला की आत हिरवट काळोख होतो. चारला उठून रेडिओ लावायचा आणि चहा टाकायचा. तेवढा आवाज घरात हवाच.

११ एप्रिल, शुक्रवार

आश्चर्य आहे. पन्नासचे नेचे जळाले नाहीत. उलट मधून नव्या गुंडाळ्या वर येताहेत, लव असलेल्या, घट्ट मिटलेल्या. नव्वदचे मात्र लांबत चाललेत. पानं फिकट आणि देठ असे लुळे की कुंडीच्या काठावर मान टाकून पडलेत. पंचाहत्तरचे ठीकठाक.

दुपारी एक स्वप्न पडलं. मी खाडीत होडीत बसले आहे, वर पिवळं शीड आहे आणि ते वाऱ्यानं फडफडतं आहे. सगळं पाणी पिवळं. होडीच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी बसलं होतं, पण तोंड दिसेना. मी विचारलं, कुठे चाललोय? शीड नुसतं फडफडलं, पण मला भीती वाटली नाही. जाग आली तेव्हा पडद्यावर अजून पिवळेपणा होता. मग तो गेला.

१९ एप्रिल, शनिवार

पुन्हा तीच होडी. ह्या वेळी शीड ओढताना दोर घासल्याचा आवाजसुद्धा आला. डोळ्याच्या डॉक्टरांना विचारावं का, की उन्हानं असं होतं? नको. चांगलं स्वप्न आहे, घालवायचं कशाला.

पन्नासच्या कुंड्यांत पानं आखूड, दाट आणि गडद हिरवी. मातीवरून बारीक दोरे पसरून जागोजागी नवी रोपं धरलीत. आजूबाजूचे सगळे नर्सरीवाले पंचाहत्तर म्हणतात. माझे नेचे पन्नास म्हणताहेत. मला इतका आनंद झाला की एकटीच परसात हसले.

पलीकडून पुतळी बघत होती. ही कारखान्यात माती मळते, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, आणि जिभेला हाड नाही. म्हणाली, "नूतनबाय, तुमच्या झाडांना कुणाची माया लागली गो?"

मी म्हटलं, "शेणखताची."

ती इतकी हसली की तिला ठसका लागला. हरेशभाऊ आत निघून गेले.

२८ एप्रिल, सोमवार

ठरलं. पंचाहत्तर आणि नव्वदच्या जाळ्या काढल्या आणि सगळं परस पन्नासच्या एकाच जाळीखाली आणलं. गेल्या वर्षीच्या लोकांना निरोप धाडले, ह्या वर्षी नेचे मिळतील म्हणून. यज्ञेशला फोनवर छाती फुगवून सांगितलं. तो म्हणाला, "बघ हं आई, मे अजून जायचाय." मी म्हटलं, माझ्याकडे पुरावा आहे.

हरेशभाऊंना नवी जाळी दाखवली. त्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवली आणि विचारलं, "येवढं सगळं?" चेहरा काळजीत पडल्यासारखा झाला. मला वाटलं होतं आनंद होईल.

४ मे, रविवार

आज होडी फार मोठी होती. शीड संपलंच नाही, ह्या काठापासून त्या काठापर्यंत.

१० मे, शनिवार

हरेशभाऊ पुतण्याच्या, निकेशच्या लग्नाला कासूला गेलेत. सोमवारी हळद आहे, मग लग्न, मग पूजा, म्हणजे पाच-सहा दिवस तरी येत नाहीत. जाताना भिंतीशी घुटमळले. "बाई, दुपारी जरा झाडांकडं बघा," म्हणाले. मी म्हटलं, दुपारी मी झोपते हे सगळ्या पेणला ठाऊक आहे.

१२ मे, सोमवार

स्वप्न पडलं नाही. खोलीत फार उजेड वाटला.

१३ मे, मंगळवार

नेच्यांची टोकं तपकिरी झालीत. काल पाणी कमी पडलं असेल.

१४ मे, बुधवार

पाण्याचं कारण नाही. पश्चिमेची अख्खी ओळ करपली. पानं हातात घेतली की चुरा होतो. तीच जाळी, तीच माती, तेच ऊन, आणि महिनाभर बहरलेली झाडं तीन दिवसांत गेली कशी? मी परसात खाली बसले आणि रडले. लोकांना दुसऱ्यांदा शब्द दिला होता. आता अष्टमी.

संध्याकाळी पुतळी भिंतीशी आली आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अगो बाय! माझीच चूक. दादा सांगून गेले व्हते, पुतळे, बारा वाजले की ताडपत्री टाक. मी मेली विसरले. नातीच्या बाळाला बघायला गेले ती तिकडंच रमले."

"कसली ताडपत्री?"

पुतळीनं तोंडावर पदर घेतला. पण आता काय लपवणार? पुढचं मी काढूनच घेतलं. मी झोपले की हरेशभाऊ शेडच्या वळचणीला बांधलेली मोठी पिवळी ताडपत्री बांबूनं माझ्या मांडवावर ढकलायचे. माझा रेडिओ लागला की ओढून घ्यायचे. रोज. आधी एका मांडवावर. नंतर सगळं परस पन्नासखाली आल्यावर दुसरी ताडपत्री जोडून सगळ्यावर.

माझा पुरावा, माझा पन्नास टक्क्यांचा शोध, सगळा खोटा. मी आयुष्यात इतकी कधी चिडले नव्हते. दहावीचा पेपर फुटला होता तेव्हाही नाही.

१६ मे, शुक्रवार

हरेशभाऊ आले. मी त्यांना भिंतीशी बोलावून घेतलं आणि नववीच्या वर्गाला झापावं तसं झापलं. "सांगितलं होतं ना, हात लावायचा नाही? तुम्ही एक दिवस सांगितलं असतंत तर मी जाळी बदलली असती. लोकांना शब्द दिला नसता."

ते मान खाली घालून ऐकत होते. लग्नातली हळद कानामागे अजून पिवळी होती.

"चुकलंच, बाई. मला वाटलं, मूर्तीसारखंच असंल. सावली केली की वाचंल."

"पण कशासाठी? मी जळू द्या म्हटलं होतं ना?"

ते भिंतीवरची वाळलेली शाडू नखानं खरवडत म्हणाले, "झाडं जळली तर तुम्ही अष्टमीला जाणार व्हतात ना. फोनवर बोललात ते ऐकू आलं."

त्याचा प्रयोगाशी काय संबंध? मी तसं विचारलंही. ते आत गेले.

मी यज्ञेशला फोन केला. झाडं गेली म्हणून सांगितलं. त्यानं "मी म्हटलंच होतं" असं म्हटलं नाही, हे त्याचं चांगलं. "पुढच्या रविवारी गाडी घेऊन येतो," म्हणाला. बॅग काढली.

१८ मे, रविवार

बॅग भरायला घेतली आणि मध्येच थांबले. शिक्षकाची खोड, चुकलेल्या उत्तरपत्रिकेतही कुठे गुण देता येतात का ते बघतेच.

प्रयोग खोटा नव्हता. मी त्याचं नाव चुकीचं लिहिलं होतं. सकाळी पन्नासच्या जाळीतून येणारं कोवळं ऊन, त्यानं पानं आखूड आणि दाट झाली. दुपारच्या कडक उन्हात ताडपत्री, म्हणून ती जळली नाहीत. चारनंतर पुन्हा उजेड. सावली दिवसभर एकसारखी नकोच होती, ती वेळेवर हवी होती. पंचाहत्तर आणि नव्वदच्या जाळ्यांना हे कळत नाही, त्या सकाळीही तेवढीच सावली देतात.

आणि नेच्याचं जगणं मातीखाली असतं. पान जळलं तरी कांडं मरत नाही. करपलेली सगळी पानं बुडापासून छाटली. परस बोडकं दिसतंय. कांडी मात्र हिरवी आहेत, नखानं खरवडून बघितली. गणपतीला तीन महिने आहेत.

यज्ञेशला फोन करून म्हटलं, रविवारी येऊ नकोस. तो म्हणाला, "आई, तू ना!" पण हट्ट धरला नाही.

२० मे, मंगळवार

हरेशभाऊंशी अबोला आहे. त्यामुळे ताडपत्री मलाच टाकायची होती. साडेअकराला जेवण उरकलं आणि झोपेवर पाणी सोडलं. ताडपत्री वळचणीला तशीच बांधलेली होती. बांबूनं ढकलली. अर्धी आली, अर्धी खिळ्यात अडकली. जोर लावला तर कोपरा टर्रकन फाटला. हा माणूस दीड महिना एकटा हे कसं करत होता? दोन्ही हातांना फोड आलेत.

चारला बघितलं तर भिंतीवर दाभण आणि सुतळी घेऊन ते फाटलेला कोपरा शिवत बसले होते. मी चहा टाकला. एक कप भिंतीवर ठेवला. बोलले मात्र नाही.

२१ मे, बुधवार

बोलले. म्हटलं, "एकट्यानं ओढली की फाटते. तुम्ही तिकडून धरा, मी इकडून."

"झोप नाय तुमची?"

"झोप रात्रीही येते."

दोघांनी धरली तर अगदी अलगद सरकली. सगळं परस पिवळं झालं. त्यांचा पांढरा हात, माझी साडी, बोडक्या कुंड्या, सगळं पिवळं. मी तिथेच उभी राहिले. हे मी आधी कुठेतरी पाहिलं होतं.

५ जुलै, शनिवार

नेचे परत आलेत. प्रत्येक कुंडीत इतक्या गुंडाळ्या की माती दिसत नाही. सकाळी एक मिटलेली असते, संध्याकाळपर्यंत ती अर्धी उलगडते. उलगडताना कुणाला दिसत नाही, हे मला आवडतं.

कारखान्यात मूर्तींची दाटी झाली आहे. सगळ्या पांढऱ्या, अजून डोळे नाहीत. अशा डोळे नसलेल्या मूर्तींमधून चालताना माणूस आपोआप हळू बोलतो. हरेशना दिवसाचे तास पुरत नाहीत, तरी दुपारी भिंतीशी येतातच. मी सांगितलं, आता पावसाळी आभाळ आहे, रोज नको, ऊन पडेल तेव्हा हाक मारीन. ते म्हणाले, "हाक नको. येतो मी."

१२ ऑगस्ट, मंगळवार

आमच्या घरचा गणपती हरेश स्वतः करताहेत. डोळ्यांची आखणी चालू होती तेव्हा मला बोलावलं. श्वास धरून बसावं लागतं, कुंचला जरा हलला तर देवाची नजर फिरते. एक डोळा झाला आणि ते थांबले.

"बाई, मी झाडांचं सांगितलं नाय, तेव्हा तुम्ही लई रागावला."

"रागावलेच."

"अजून हाय राग?"

"नाही." मी खरं तेच सांगितलं. आणि हेही सांगितलं, की ह्या सहा वर्षांत माझ्यावर कुणी सावली केली आहे असं मला वाटलं नव्हतं, आणि ती होत होती हे मला झोपेत कळत होतं. हे बोलून गेल्यावर मला फार ओशाळल्यासारखं झालं. त्यांनी दुसरा डोळा काढला. हात हलला नाही.

पुतळी मागे माती मळत होती. आश्चर्य म्हणजे ती उठून हात धुवायला बाहेर गेली.

२४ ऑगस्ट, रविवार

आज सकाळपासून लोक नेचे न्यायला येताहेत. ठमाबाईंना भिंतभर हवेत, धोंडुबाईंच्या सुनेला दोनच, पण सर्वांत दाट. जितेश म्हणून एक मुलगा मंडळासाठी टेम्पो घेऊन आला. पुढल्या वर्षीचं आत्ताच सांगून ठेवू का, असं दोघांनी विचारलं. एकाही घरी मला माफी मागायला जायचं नाही.

२७ ऑगस्ट, बुधवार

चतुर्थी. यज्ञेश आणि तनया कालच आले. मखर नेच्यांचं, मधे आमची मूर्ती. यज्ञेश बराच वेळ बघत राहिला. "आई, हा आपल्याकडेच बघतोय असं वाटतं," म्हणाला. मोदक बरे झाले होते. पुढे लिहायला वेळ नाही, आरतीला माणसं आलीत.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

काल दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन झालं. घर सुनं सुनं झालं. पलीकडचा कारखानाही रिकामा, मूर्ती सगळ्या घरोघरी गेल्या. माझं परसही रिकामं. मांडवाखाली नुसत्या मातीवर कुंड्यांच्या गोल खुणा राहिल्या आहेत.

यज्ञेश-तनया दुपारी निघणार होते. बॅगा दारात ठेवून यज्ञेश परसात आला. "तू जिंकलीस, आई. मी शब्द पाळतो. पण आता झाडं गेली, हंगाम संपला. दिवाळीपर्यंत तरी अष्टमीला चल. इथे एकटी काय करशील?"

मी उत्तर देणार तेवढ्यात बारा वाजले आणि भिंतीवर बांबू दिसला.

मी तशीच उठून माझा कोपरा धरला. "अहो, जरा वर घ्या, तुमची बाजू खाली आलीय," मी म्हटलं. तनयानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा भिंतीकडे, आणि यज्ञेशचा हात धरून त्याला मागे ओढलं.

"अगं पण," यज्ञेश म्हणाला, "आभाळ केवढं भरलंय. आणि खाली झाडंच नाहीत!"

"निघायचंय ना आपल्याला," तनया म्हणाली. "चल. आईंची बॅग नको काढायला."

गाडी गेल्याचा आवाज आला. आज सकाळपासून ऊन अजिबात नव्हतं. आम्ही ताडपत्री टोकापर्यंत ओढली, चारही कोपरे बांधले आणि चहा होईपर्यंत तिच्याखाली उभे राहिलो.